छापखान्यातील १९९४ चा ४८६ संगणक: बॅटरी गळून मदरबोर्ड खराब झाला आहे, दुरुस्ती कोणत्या क्रमाने करावी?

प्रश्न (शहापूर, बेळगाव)

नमस्कार. वडिलांचा शहापुरात छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, मंडळांचे वार्षिक अहवाल अशी कामे होत. आपल्या भागात एकाच घरची पत्रिका मराठीत आणि कन्नडमध्ये अशी दोन्ही छापावी लागते, म्हणून १९९४ साली त्यांनी ४८६ डीएक्स२ संगणक आणि त्यात बसवायला सी-डॅकचे जिस्ट कार्ड, म्हणजे भारतीय लिप्यांत मजकूर टंकू देणारे जादा कार्ड, घेतले. २००३ पासून तो पोटमाळ्यावर होता. यंदा दिवाळीच्या साफसफाईत खाली उतरवला.

झाकण काढल्यावर कीबोर्डच्या सॉकेटजवळ निळी, पिंपाच्या आकाराची बॅटरी दिसली. तिच्या दोन्ही टोकांना हिरवट-पांढरे क्षार साठले असून भोवतीचे ट्रॅक (बोर्डावरील तांब्याच्या बारीक रेषा) काळवंडले आहेत. राहवले नाही म्हणून एकदा चालू केला. पंखा फिरला, पण पडदा काळाच राहिला आणि बीपही आली नाही. लगेच बंद केला. इथल्या एका दुकानात दाखवला तेव्हा त्यांनी न तपासताच तो भंगारात द्यायला सांगितले.

आता प्रश्न असे. सुरुवात कुठून करावी? बोर्डाची सफाई व्हिनेगरने करावी की खाण्याच्या सोड्याने, कारण मला दोन्ही सल्ले मिळाले आहेत. मेमरी ८ एमबी आहे, ती वाढवावी आणि जुन्या हार्ड डिस्कऐवजी मेमरी कार्ड लावावे, असाही विचार आहे. डिस्कवर वडिलांचे नऊ वर्षांचे काम आहे आणि त्याची दुसरी प्रत कुठेही नाही.

उत्तर १ (उद्यमबाग, बेळगाव)

आपण तो लगेच बंद केलात हे फार बरे झाले. पुढचे सर्व होईपर्यंत पुन्हा चालू करू नका. मी उद्यमबागेत कारखान्यांच्या यंत्रांची देखभाल अनेक वर्षे केली. तिथे चाचणी यंत्रांना जोडलेले याच पिढीतील संगणक मला दुरुस्त करावे लागत, कारण त्यांतील आयसा (जुन्या प्रकारच्या स्लॉटची) कार्डे नव्या संगणकात बसतच नाहीत. त्या अनुभवावरून सांगतो की काळा पडदा म्हणजे मेलेला बोर्ड असे मुळीच नाही.

पहिले काम म्हणजे डिस्कच्या केबल काढून ती बाजूला ठेवणे. दुसरे, बॅटरी आजच्या आज कापून काढणे, कारण ती बोर्डावर असेपर्यंत गळणे थांबत नाही. ती ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी असते आणि तिच्यातून बाहेर येणारा द्रव पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा, म्हणजे अल्कली असतो. त्यामुळे सोड्याचा इथे काही उपयोग नाही. सोडा आम्लाच्या गळतीवर वापरतात. इथे पांढरे व्हिनेगर कापसाच्या काडीने लावावे. फेस येणे थांबले की डिस्टिल्ड वॉटरने धुवावे, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे आणि बोर्ड पूर्ण वाळू द्यावा. कॅडमियम विषारी आहे, म्हणून हातमोजे घाला आणि ती बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नका.

त्यानंतरचे काम चिकाटीचे आहे. काळवंडलेला प्रत्येक ट्रॅक भिंगाखाली पाहा आणि मल्टिमीटर बीपवर ठेवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासा. वरून सलग दिसणारा ट्रॅक हिरव्या लेपाखाली तुटलेला असतो, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही. बोर्डाच्या एका थरातून दुसऱ्या थरात जाणारी बारीक भोकेही आतून खाल्ली जातात. कीबोर्ड सॉकेट, कीबोर्ड कंट्रोलरच्या ४० पायांचा सॉकेट आणि जवळच्या आयसा स्लॉटचे टोक इथे विशेष लक्ष द्या. तुटलेल्या ठिकाणी लेप हलकेच खरवडून कथिल धरू द्यावे आणि ३० गेजच्या बारीक वायरने जोड द्यावा. कथिल धरत नसेल तर तिथे अल्कली अजून शिल्लक आहे असे समजून पुन्हा सफाई करावी.

पॉवर सप्लाय स्वतंत्रपणे तपासा. इतकी वर्षे पडून राहिलेला सप्लाय पहिल्यांदा चालू करताना इलेक्ट्रिशियन वापरतात तसा १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावावा; आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि पुढचे नुकसान टळते. त्याची पेटी मात्र अनुभव नसताना उघडू नका. आपल्या २३० व्होल्टच्या लाइनवर आतल्या कपॅसिटरांवर ३०० व्होल्टच्या वर दाब साठतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतो. सप्लायकडून बोर्डाकडे पी८ आणि पी९ असे दोन कनेक्टर येतात; त्यांतील पी८ ची पहिली, बहुधा नारिंगी वायर ‘पॉवर गुड’ची, म्हणजे सप्लाय ठीक असल्याच्या इशाऱ्याची असते. तिच्यावर ५ व्होल्ट आले नाहीत तर पंखा फिरतो, पण प्रोसेसर रीसेटमध्येच अडकून राहतो. आपल्या लक्षणांशी हे जुळते, म्हणून मी आधी हेच मोजले असते. मोजताना काही लोड जोडलेला असावा, आणि पी८ व पी९ परत बसवताना काळ्या वायरी मध्यभागी एकमेकींशेजारी याव्यात. हे उलटे झाले तर बोर्ड जळतो.

उत्तर २ (निपाणी)

वरच्या उत्तराशी पूर्ण सहमत आहे. मी डिस्क आणि अपग्रेडबद्दल लिहितो.

डिस्क या संगणकात परत लावण्याआधी तिची पूर्ण प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी प्रत, घ्या. इथे एक अडचण येते. बाजारात मिळणारे यूएसबी अडॅप्टर एलबीए (डिस्कवरील जागांना सलग क्रमांक देण्याची) पद्धत गृहीत धरतात, आणि त्या काळातल्या काही लहान डिस्कना ती येतच नाही. अडॅप्टरने ओळखली नाही म्हणून डिस्क खराब ठरवू नका. आयडीई (जुन्या डिस्कच्या रुंद केबलचा) पोर्ट असलेला एखादा जुना पेंटियम मिळवून त्यावर लिनक्समधील डीडीरेस्क्यू चालवा. त्याने आधी सोपे भाग वाचून घेतले जातात आणि अडणारे सेक्टर (डिस्कवरील माहितीचे छोटे तुकडे) शेवटी पुन्हा पुन्हा प्रयत्नाने वाचता येतात. डिस्कच्या लेबलवरचे सिलिंडर, हेड आणि सेक्टरचे आकडे वहीत उतरवून ठेवा. बॅटरी गेल्यामुळे बायोसमधील (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममधील) डिस्कची नोंद पुसली गेली आहे आणि आकडे चुकीचे भरले तर शाबूत डिस्कही रिकामी किंवा विस्कटलेली दिसते.

नंतर आयडीई अडॅप्टरवर कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड लावता येईल. त्या काळच्या बहुतेक बायोसना १०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर यांच्या पलीकडे दिसत नाही, म्हणजे मर्यादा ५२८ दशलक्ष बाइटची. ५१२ एमबीचे कार्ड त्यात बसते आणि डॉसला ते पुरेसे आहे.

मेमरी १६ एमबी करा, त्याहून अधिकचा डॉसमध्ये उपयोग होणार नाही. सिम (मेमरीच्या पट्ट्या) ३० पिनांच्या असतील तर ४८६ ला चारच्या संचात लावाव्या लागतात. ७२ पिनांची एकेक चालते, पण ती एफपीएम प्रकारची घ्या, कारण अनेक ४८६ बोर्डांना ईडीओ हा नंतरचा प्रकार चालत नाही. प्रोसेसरला हात लावू नका, असे मी आग्रहाने सांगेन. कोणी डीएक्स४ हा अधिक वेगवान प्रोसेसर सुचवेल, पण तो साधारण ३.३ व्होल्टवर चालतो आणि फक्त ५ व्होल्ट देणाऱ्या सॉकेटमध्ये तो जळून जातो. शिवाय हा आपल्या वडिलांचा संगणक आहे, त्यात जे बदलाल ते पुन्हा मूळ जागी बसवता येईल असेच असावे. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून जपा.

उत्तर ३ (खानापूर)

नव्या बॅटरीबद्दल एक मुद्दा. जुन्या जागी सीआर२०३२ सेल थेट लावू नका. तिथे चार्जिंगचा प्रवाह येतो आणि हा सेल चार्ज करायचा नसतो. काहीजण मध्ये डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावतात, पण त्यात अर्धा व्होल्टच्या आसपास घट होते आणि काही बोर्डांवर घड्याळ मागे पडते. माझ्या मते बोर्डावर बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिनांची जागा असेल तर मॅन्युअलप्रमाणे जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) बदलून तीच वापरावी आणि बॅटरी बोर्डापासून दूर, कॅबिनेटच्या तळाशी ठेवावी. पुढे कधी गळाली तरी बोर्ड वाचेल. आमच्याकडच्या पावसात लाकडी कपाटालाही बुरशी येते, म्हणून मी बोर्डाची कामे मृगाच्या आधी उरकतो आणि चार महिने सर्व कार्डे सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवतो.

प्रश्नकर्ता (शहापूर, बेळगाव)

सर्वांचे मनापासून आभार. पाच आठवड्यांनी लिहीत आहे. ‘पॉवर गुड’ व्यवस्थित होते. कीबोर्ड कंट्रोलरच्या सॉकेटचे तीन पाय खाल्ले गेले होते आणि शेजारचे दोन ट्रॅक लेपाखाली तुटले होते. सॉकेट बदलला, दोन जोड दिले. काल रात्री एक बीप आली आणि पडद्यावर मेमरी मोजली जाऊ लागली तेव्हा आईसुद्धा स्वयंपाकघरातून उठून आली. तारीख १ जानेवारी १९८० दाखवत होता.

डिस्कची प्रतिमा आधीच घेतली होती, नऊ सेक्टर सोडून सर्व वाचले गेले. ती कार्डावर उतरवून लावली आणि जिस्ट कार्डावर एका पत्रिकेचा मजकूर उघडला. वडील ‘चि. सौ. कां.’ नंतर नेहमी दोन जागा सोडत, त्या तशाच होत्या. मात्र त्याच फाइल नव्या संगणकावर उघडल्या की निरर्थक चिन्हे दिसतात. यावर उपाय आहे का?

उत्तर १ (उद्यमबाग, बेळगाव)

वाचून फार आनंद झाला. फाइल खराब नाहीत. जिस्ट कार्डाचा मजकूर इस्की या भारतीय लिप्यांच्या संकेतात असतो, ज्याचे मानक १९९१ चे आहे. त्यात प्रत्येक अक्षराला एक बाइट लागतो आणि भारतीय अक्षरे १२८ च्या वरच्या जागेत येतात. ‘क’ चा क्रमांक १७९ आहे, आणि कन्नड ‘ಕ’ चाही तोच. म्हणूनच एकाच कार्डावर दोन्ही लिप्या चालत. आजच्या संगणकांवरील युनिकोड संकेतातील देवनागरीची मांडणी मुळात इस्कीवरूनच घेतली असल्याने बदल करणारा छोटा प्रोग्राम तक्ता घेऊन लिहिता येतो. दोन गोष्टी सांभाळा: हलन्तानंतर दुसरा हलन्त किंवा नुक्ता (अक्षराखालचा टिंब) आला तर त्याचा अर्थ बदलतो, आणि २३९ क्रमांकाचा बाइट अक्षर नसून लिपी किंवा ठसा बदलण्याची खूण असतो, त्याच्या पुढचा बाइटही अक्षर म्हणून धरू नये. छपाईच्या पानांसाठी वेगळा फाँट वापरला असेल तर त्या फाइलना हा तक्ता लागू होणार नाही, म्हणून आधी केवळ मजकुराच्या फाइल वेगळ्या काढा. एखाद्या फाइलचे पहिले शंभर बाइट इथे आकड्यांत टाका, कोणता प्रकार आहे ते मी पाहून सांगतो.