वाड्याची गल्लीकडची बाजू एका फोटोत कशी आणायची? मदत हवी आहे

कसबा पेठेतला आमचा वाडा दिवाळीनंतर उतरवणार आहेत. त्याआधी गल्लीकडची अख्खी बाजू, दिंडी दरवाज्यापासून टोकाच्या सज्ज्यापर्यंत, एका फोटोत हवी आहे. मोठा प्रिंट काढून आत्याला द्यायचाय. तिचा जन्म तिथलाच. गल्ली जेमतेम दहा फूट. पाठ समोरच्या भिंतीला टेकवली तरी एक दार आणि अर्धी खिडकी मावते.

मोबाइलच्या पॅनोरमात भिंत धनुष्यासारखी वाकली. मग कॅमेरा उभा धरून, लेन्स 18 मिमीवर ठेवून, दोन-दोन पावलं सरकत नऊ फोटो काढले आणि हगिन या फोटो जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडले. विटांची भिंत छान जुळली, पण सज्ज्याचा कठडा दोनदा येतो. त्याखालच्या लाकडी आधारांवर पोपट कोरलेत, त्यांतल्या एकाला दोन चोची आणि शेपूट गायब! त्या पोपटांना आत्याने लहानपणी नावं दिली होती, म्हणून तेच बिघडलेले बघवत नाहीत. शिवाय एका फोटोत भिंत पिवळट, शेजारच्यात निळसर. काय चुकतंय?

प्रतिसाद:

भिंत एका पातळीत आहे म्हणून जुळली. सज्जा पुढे आलेला, त्यामुळे तुम्ही सरकलात की तो भिंतीच्या मानाने जागा बदलतो. भिंत आणि सज्जा दोन्ही एकदम जुळणार नाहीत. दोन फोटोंचा सांधा कुठे पाडायचा ते तुम्ही ठरवायचं. सज्ज्याच्या बरोबर समोर उभं राहून काढलेल्या फोटोतलाच अख्खा सज्जा ठेवा, शेजारच्या फोटोंतला हगिनच्या मास्कने (नको तो भाग झाकायच्या सोयीने) वगळा, आणि सांधा कोऱ्या भिंतीवर येऊ द्या. पोपट शाबूत राहतील.

वाडा उभा आहे तोवर पुन्हा जाच. या वेळी एकेकच पाऊल सरका, म्हणजे शेजारच्या दोन फोटोंत निम्म्याहून बराच जास्त भाग सामाईक येईल. जमिनीवर दोरी आखून तिच्यावरूनच चाला, भिंतीपासूनचं अंतर बदलायला नको. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, फोकस तिन्ही मॅन्युअल. रंगाचा फरक बहुतेक ऑटोमुळेच पडलाय. भिंतीवर ऊन यायच्या आत सगळे फोटो उरका.

आतल्या चौकाचाही काढा. तिथे मात्र सरकायचं नाही, ट्रायपॉड एका जागी ठेवून कॅमेरा फिरवायचा. ओसरी काळीकुट्ट आणि चौक पांढराफटक येत असेल तर प्रत्येक कोनातून दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश) फरकाने तीन फोटो घ्या, ते नंतर एकत्र करता येतात.

सज्जा किती रुंद आहे? समोरून एका फोटोत मावत नसेल तर आधी कळवा, मग सांधा कठड्याच्या खांबावर घ्यावा लागेल.