न्हाणीत स्टीम घ्यावं की सौना? (जुनं चिऱ्याचं घर, फोंडा)

फोंडेकर_कौलारू
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. फोंड्याजवळ आमचं जुनं घर आहे, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, वर मंगळुरी कौलं, आणि मागची न्हाणी, जिथे आजीच्या वेळचं आंघोळीचं पाणी तापवायचं भाण होतं, ती पाडून नवीन करतोय. त्यात एक कोपरा उरतो साधारण ४ बाय ५ फुटांचा. आमची ही एकदा एका हॉटेलात सौनात बसली तेव्हापासून घरी सौना हवाच म्हणते, आणि मला सायनसचा त्रास, त्यामुळे माझं मन स्टीमकडे. मेस्त (मिस्त्री) म्हणतो दोन्ही एकच हो, फक्त हीटर वेगळा, पण मला काय ते पटत नाय. लाईट सिंगल फेज. चतुर्थीच्या आत उरकायचंय म्हणजे हातात दोन-अडीच महिने. खर्चाचं बघू, पण वर्षभराने आत कपडे सुकत घालायला लागले असं व्हायला नको. कोणी घरात करून घेतलंय का?

टाईल_आणि_पाईप
मेस्ताला सांगा दोन्ही एकच नाय. सौनात हवा कोरडी, ७०-९० डिग्री, लाकडाची खोली. स्टीममध्ये फक्त ४०-४५ डिग्री पण हवेत ओल शंभर टक्के, म्हणून तिथे लाकूड चालतच नाय, टाईल आणि काच लागते. ८० डिग्रीत माणूस बसू शकतो कारण घाम उडून जातो, आणि ४५ च्या वाफेत घाम उडतच नाय, उलट वाफच अंगावर पाणी होऊन बसते, म्हणून ४५ सुद्धा जड वाटतं.

आता तुमचं घर. चिरा म्हणजे स्पंज. वाफ टाईलच्या सांध्यातून मागे गेली की भिंत ओल धरते, आणि मग पलीकडच्या खोलीतला रंग सुटतो आणि तुम्ही पेंटरला शिव्या घालता. त्यामुळे टाईलच्या खाली सगळीकडे वॉटरप्रूफिंग, भिंतीलाच नाय तर वरपण. वर कौलं आहेत म्हणजे तुम्हाला सात फुटांवर वेगळं छत करावं लागणार, जिप्समचं अजिबात नको, सिमेंट बोर्ड घ्या आणि त्याला एका बाजूला उतार द्या, नायतर छताला जमलेलं पाणी गार होऊन थेंबाथेंबाने टाळक्यावर पडतं, त्यासारखा वैताग नाय. दार छतापर्यंत बंद होणारं हवं.

४ बाय ५ बाय ७ म्हणजे चारेक घनमीटर. त्याला साडेचार ते सहा किलोवॅटचा वाफेचा जनरेटर. साडेचारला २० अँपिअर जातात, गीझरच्या पॉइंटवर जोडायचं नाव काढू नका. वेगळी लाईन, जाड वायर, वेगळा एमसीबी (लोड जास्त झाला की पडणारा स्विच), आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा), आणि आधी घराचा सँक्शन लोड (मंजूर वीजभार) किती ते बिलावर बघा.

पर्वरीची_बाय
आमच्याकडे सौना आहे, चार वर्षं झाली, म्हणून खरं काय ते सांगते. पहिले सहा महिने आठवड्याला तीनदा, आता महिन्यातून एकदा आणि तेही पाहुणे आले तर. गरम व्हायला अर्धा-पाऊण तास जातो, तेवढ्यात उत्साह संपतो हो! आणि पावसाळ्यात वापरला नाय तर बाकांना बुरशी, म्हणून मी माणसांसाठी नाय तर लाकडासाठी हीटर लावते. वाळवीचं वेगळंच, जमिनीला लाकूड टेकू देऊ नका.

अजून एक कोणी सांगत नाय. सौनातून बाहेर आल्यावर थंड पाणी अंगावर घ्यायची खरी मजा, फिनलंडमध्ये लोक तळ्यात उड्या मारतात. आणि आमच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी एप्रिल-मेमध्ये नळ सोडला की हात पोळतो! तुमच्याकडे विहीर असेल तर तुम्ही नशीबवान.

डिचोलीचो_पोरगो
कित्याक रे बाबा इतलो खर्च? मे महिन्यात दुपारी कौलाखाली बसलं की सौना, जूनमध्ये लाईट गेली की स्टीम. 😀 सायनसला टोपात पाणी उकळून डोक्यावर टॉवेल घेऊन वाफारा घ्या, वीस रुपयांत काम. आणि ते भाण मोडीत घालू नका, तांब्याचं असेल ना.

तसंही इथल्या दमट हवेत सौना कोरडा कसा राहणार?

टाईल_आणि_पाईप
राहतो की. हवेत पाणी तेवढंच असतं, पण तीच हवा ८० पर्यंत तापवली की तिची पाणी धरायची ताकद कितीतरी पट वाढते, त्यामुळे बाहेर ३० डिग्री आणि ८० टक्के ओल असली तरी आत दहा टक्क्यांच्याही खाली येते. बुरशी लागते ती बंद असताना, चालू असताना नाय.

मडगाव_नर्स
घरात बीपीचं, हृदयाचं कोण असेल, गरोदर बाई असेल तर दोन्हींच्या आधी डॉक्टरांना विचारा. सौनाने हृदय बरं होतं म्हणून २०१५ चा फिनलंडचा अभ्यास फिरतो सगळीकडे, तो २,३१५ मध्यमवयीन पुरुषांचा होता. आठवड्याला ४ ते ७ वेळा जाणाऱ्यांत अचानक हृदय बंद पडून मृत्यू कमी दिसले खरे, पण सौनामुळेच कमी झाले असं त्यातून ठरत नाय, आणि ते लोक लहानपणापासून सौनात जाणारे. सुरुवात दहा मिनिटांनी करा, आधी पाणी प्या, आणि चतुर्थीच्या जेवणानंतर किंवा दोन पेग घेऊन आत बसायचं नाय म्हणजे नाय.

फोंडेकर_कौलारू
सगळ्यांचे आभार. बिल बघितलं, सँक्शन लोड ३ किलोवॅट, म्हणजे तिथेच अडलं. लोड वाढवायचा अर्ज टाकतोय. विहीर आहे, आणि भाण तांब्याचंच आहे, हिने ते आधीच अंगणात तुळशीशेजारी नेऊन ठेवलंय.

एक विचारायचं राहिलं, पाऊस सुरू झालाय आणि मागची भिंत आत्ताच हाताला ओली लागते, अशा भिंतीवर वॉटरप्रूफिंग धरेल का?

टाईल_आणि_पाईप
नाय धरणार. वर वर चिकटतं आणि दिवाळीपर्यंत फुगे येतात. आता फक्त पाईप, नाली आणि वायरची नळी टाकून घ्या, साधा शॉवर लावा, कोपरा मोकळा ठेवा. भिंत सुकली की जानेवारीत बघू.

फोंडेकर_कौलारू
बरं. मग जानेवारीपर्यंत हिची समजूत कोण घालणार ते पण सांगा.

पर्वरीची_बाय
तिला आमच्याकडे पाठवा. पाऊण तास हीटरसमोर बसून वाट बघू दे, आपोआप स्टीमवर येईल.