अनुभव धागा: गणितातलं ‘का’ तुम्हाला कुठे उमगलं?

गणिताची भीती आणि गणितातले मार्क यांवर पुष्कळ बोलून झालंय. इथे मला वेगळं काही हवंय. एखादी रीत आपण वर्षानुवर्षं करत असतो आणि एके दिवशी ती का चालते हे लख्ख कळतं. तो प्रसंग लिहा, किंवा तुम्ही दुसऱ्या कुणाला ते कसं दाखवलंत ते लिहा. हातात काय घेतलं, मूल काय म्हणालं, सगळं तपशिलात येऊ द्या. ‘सराव हवा’ एवढ्यावर थांबू नका.

माझ्यापासून सुरुवात करते. उणे गुणिले उणे अधिक का, असं भाचीने विचारलं. तिला एकाखाली एक लिहायला लावलं: ३ × (−२) = −६, २ × (−२) = −४, १ × (−२) = −२, ० × (−२) = ०. ‘दर ओळीला उत्तर दोनने वाढतंय,’ ती म्हणाली, आणि पुढच्या ओळीत (−१) × (−२) समोर तिने स्वतःच २ लिहिले.

जिल्हा परिषद शाळेतली शिक्षिका, सातारा जिल्हा

तिसरी-चौथीला खरी अडचण येते ती मधे शून्य असलेल्या वजाबाकीत. ५०३ मधून २७८ घ्या. तिनातून आठ जात नाहीत, शेजारी उसने मागायला जावं तर तिथे शून्य. मग मुलं पाठ केल्यासारखं म्हणतात, ‘पाचाचे चार, शून्याचे नऊ, तिनाचे तेरा.’ नऊ कुठून आले विचारलं की सगळा वर्ग गप्प.

आमच्याकडे काड्यांचे गठ्ठे आहेत, रबर लावून बांधलेले. शंभराचे पाच आणि सुट्ट्या तीन काड्या टेबलावर ठेवल्या. एका मुलाला शंभराचा एक गठ्ठा सोडायला सांगितला. आतून दहाचे दहा गठ्ठे निघाले. सुट्या काड्या अजूनही तीनच, म्हणून त्यातला एक गठ्ठा त्याने सोडला. उरलेले दहाचे गठ्ठे मोजता मोजता तो थांबला आणि म्हणाला, ‘बाई, हे नऊ इथलं होय!’ त्यानंतर २२५ हे उत्तर काढायला कुणाला माझी गरज पडली नाही.

घाईने वहीवर येऊ नका, एवढंच नव्या शिक्षकांना सांगेन. गठ्ठा मुलांनी स्वतःच्या हाताने सोडला पाहिजे. बाईंनी सोडून दाखवला तर ती बाईंची वजाबाकी होते.

तंत्रनिकेतनात शिकवणारी, कोल्हापूर

बाबा सुतारकाम करायचे. इंचाचे आठ सूत, त्यामुळे घरात ‘दोन इंच तीन सुतावर काप’ हीच भाषा. शाळेत ३/४ ÷ १/८ आलं. दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणायचं, उत्तर ६. पण पाऊण भागायला घेतले आणि सहा आले, हे मला पटेना. बाबांनी टेप उघडला, पाऊण इंचावर नखाने खूण केली आणि म्हणाले, ‘यात सूत किती बसतात मोज.’ सहा बसत होते.

आज पहिल्या वर्षाच्या मुलांना पाऊण इंचात किती सूत हे विचारलं, तर कारागिरांच्या घरची मुलं क्षणात सांगतात. तोच प्रश्न फळ्यावर अपूर्णांकात मांडला की त्यांचीच पेनं थबकतात. घरचं हे गणित शाळेने जवळ करायला हवं, असं मला फार वाटतं.

एक आई, न्यू जर्सी

इथे मुलं २३ × १४ चौकटीत करतात. आयताचे चार भाग पाडायचे: २००, ३०, ८०, १२. बेरीज ३२२. आपल्याकडे दुसऱ्या ओळीत एककाखाली फुली मारायचो ना, ती फुली म्हणजे तिथला दहाने गुणाकार आहे, हे मला मुलाच्या वहीतल्या त्या चौकटींनी दाखवलं.

दुसरीचा वर्ग, पालघर जिल्हा

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं आणि केवढा गदारोळ झाला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी तेव्हा शांतपणे बाजू मांडली होती. वर्गात उभं राहिलं की त्यांचं म्हणणं कळतं. ‘त्रेसष्ट’ म्हटलं की काही मुलं ३६ लिहितात, ‘एकोणतीस’ला हमखास ३९. मी बरेच दिवस दोन्ही एका दमात म्हणते: साठ आणि तीन, त्रेसष्ट. जुनी नावं बाजारात, घरात लागणारच. ती सोडू नयेत, पण लिहिण्याच्या आड तरी येऊ देऊ नयेत.

गणित शिक्षक, नाशिक रोड

ताई, सातारच्या गठ्ठ्यांनंतर सरावासाठी एक सुचवतो. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी १९४९ मध्ये शोधलेला ६१७४. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. ३५२४ घेतलं तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत सगळे तिथेच पोहोचतात.

ऑफ तासाला हे दिलं. ज्यांचं ६१७४ येईना ते आपली वजाबाकी आपणच तपासू लागले. एका मुलीने पाहिलं की प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज नवाच्या पाढ्यात येते, मग वर्गाने तीच खूण धरून चुका पकडल्या. तीन अंकी संख्येचं काय होतं, हे मी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरून चिठ्ठी आली, वर फक्त ‘४९५’.