प्रतिसाद: तुऱ्याला डांबरगोळ्या नकोच

वर कुणीतरी फ्युझिलियर्स या ब्रिटिश पलटणीचा लाल-पांढरा हॅकल (टोपीवरचा पिसांचा तुरा) डांबरगोळ्यांसकट प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा म्हटलंय, ते प्लीज करू नका. पिसं दबली की आडवी होतात, आणि त्या गोळ्यांनी काही प्लॅस्टिक चक्क चिकट होतं.

मी स्वतः माती खाल्लीये. एक जुना हॅकल मळका दिसला म्हणून कोमट पाण्यात बुचकळला तर वरचा लाल रंग खाली उतरून सगळं गुलाबी! म्हणजे १८२९ साली ब्रिटिश पायदळाच्या पाचव्या पलटणीला (हेच पुढे फ्युझिलियर्स झाले) तो लाल-पांढरा तुरा कशासाठी मिळाला, तर बाकीच्या पायदळालाही पांढरा दिल्यावर यांचा वेगळा दिसावा म्हणून, आणि मी तो वेगळेपणाच धुऊन टाकला.

आता फक्त मऊ ब्रश, तोही बुडापासून टोकाकडे, उलटा कधीच नाही. वाकलेल्या पिसाला किटलीची वाफ लांबून दोन-चार सेकंद, मग बोटांनी हलकेच ओढलं की तंतू परत एकमेकांत अडकतात (रंगवलेल्याला वाफही जपूनच).

कसर लागल्याचा संशय असेल तर झिपलॉकमध्ये घालून दोन आठवडे डीप फ्रीझरला, बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, आधी रूम टेंपरेचरला येऊ द्या, नाहीतर आतली तार घामाने गंजते. ठेवताना अ‍ॅसिड-फ्री टिश्यू (आम्ल नसलेला पातळ कागद) आणि तुरा उभा मावेल असा पुठ्ठ्याचा डबा. शोकेस उन्हात असेल तर लाल रंग गेलाच समजा.

आणि फार जुन्या पिसांना हातमोजे घालूनच हात लावा, पूर्वी कसरीसाठी आर्सेनिक वापरायचे.