दहा वर्षं ही एक्सपायरी डेट नव्हे

एका ताईंनी विचारलंय की स्तनांच्या इम्प्लांटना दहा वर्षं झाली, त्रास काही नाही, तरी बदलायलाच हवेत का? नाही. नुसतं कॅलेंडर बघून कुणी ऑपरेशन करून घेऊ नये. पण 'एकदा बसवले की जन्मभराची निश्चिंती' हेही खरं नाही. वर्षं वाढतात तशी फाटण्याची किंवा त्यांच्याभोवती शरीराने तयार केलेलं आवरण आवळून स्तन कडक होण्याची शक्यताही वाढते, आणि अमेरिकेचं एफडीए (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) हे स्पष्टच सांगतं.

सलाइनचं, म्हणजे मिठाचं पाणी भरलेलं इम्प्लांट फुटलं तर लपत नाही, पाणी शरीरात शोषलं जातं आणि ती बाजू बसते. खरी पंचाईत सिलिकॉन जेल भरलेल्या इम्प्लांटची. ते फाटलं तरी जेल बहुतेकदा भोवतीच्या आवरणाच्या आतच राहतं, बाहेरून पत्ताही लागत नाही. म्हणून एफडीएने २०२० मध्ये सुचवलं की त्रास नसला तरी ५-६ वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय करावी, मग दर २-३ वर्षांनी. मॅमोग्राफी हा त्याला पर्याय नव्हे (ती वेगळी करायचीच, फक्त टेक्निशियनला आधी इम्प्लांटबद्दल सांगा).

इम्प्लांट खरखरीत पृष्ठभागाचे आहेत का, तेही ऑपरेशनच्या वेळी मिळालेल्या इम्प्लांटच्या कार्डावर बघा. ॲलर्गन कंपनीचे बायोसेल हे खरखरीत इम्प्लांट २०१९ मध्ये एका दुर्मिळ लिम्फोमामुळे (लसीका-संस्थेच्या कर्करोगामुळे) बाजारातून मागे घेतले गेले. तेव्हाही लक्षणं नसलेल्यांना काढून टाकायला सांगितलं नव्हतं. मात्र कित्येक वर्षांनंतर अचानक एका बाजूला सूज आली तर सर्जनकडे लगेच जा, आणि इम्प्लांटभोवती साठलेल्या पाण्याची या लिम्फोमासाठी तपासणी होते आहे ना, हे विचारा.