डाउनविंड जातानाच्या ‘व्हीएमजी’ला मराठीत काय म्हणावं?

भाचा खडकवासल्याच्या पाण्यात शिडाची होडी चालवायला शिकतोय. रविवारी जेवताना म्हणाला, “मामा, वारा मागून असला तरी सरळ नाही जायचं, कोन काढून जायचं. सर म्हणतात व्हीएमजी बघ.” व्हीएमजी म्हणजे ‘व्हेलॉसिटी मेड गुड’, होडी जायचं त्या दिशेनं प्रत्यक्षात किती वेगानं पुढे सरकते ते; आणि डाउनविंड म्हणजे वारा जातो त्या दिशेला. मी ‘वारा पाहून पाठ द्यावी’ ऐकत वाढलेला, सगळी पाठ दिली की होडी सुसाट, अशीच माझी समजूत. याला शब्द म्हणून ‘अनुवात प्रगतिवेग’ जुळवलाय. कसा वाटतो?

—

‘अनुवात’ छापायला दिलात तर मुद्रितशोधक त्याचा ‘अनुवाद’ करेल, आणि बोललात तर ऐकणाऱ्याला संधिवात आठवेल. भूगोलातले वातसन्मुख-वातविन्मुख सह्याद्रीला शोभतात, डोंगराला वळायचं नसतं. होडीत ओरडून सांगता येईल असं काहीतरी द्या.

—

शब्दाआधी प्रकार समजून घ्या. स्कूटरवर मागून वारा असला की घाम येतो, कारण तुम्ही त्याच्याबरोबरच पळत असता. होडीचंही तेच. वारा १० नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल), होडी थेट वाऱ्याच्या दिशेनं ५ नॉट, म्हणजे शिडाला उरला ५ नॉटचा. होडी जरा तिरपी घातली की शिडावरचा वारा वाढतो, बाजूनं येतो, आणि शिडाला नुसतं ढकललं जाण्याऐवजी वारा कापत ओढ घेता येते. या वाऱ्याला पुस्तकात ‘भासमान वारा’ म्हणतात, ते मला पटत नाही. भास कसला? शिडाला तेवढाच कळतो. ‘लागणारा वारा’ म्हणा.

—

बँकेत उभा जन्म गेला, म्हणून हिशेब मांडतो. आकडे समजुतीपुरते. सरळ गेलात, ५ नॉट. ३० अंश तिरपे गेलात आणि वेग ६.२ झाला, तर मुक्कामाच्या दिशेनं पदरात पडले ६.२ गुणिले ०.८६६, म्हणजे साधारण ५.४. फायदा. हावरटपणानं ४५ अंश केलेत, वेग ७. पण गुणिले ०.७०७, हाती ४.९५. तोटा! वेगाचा काटा सगळ्यात वर, आणि तरी सरळ जाणाऱ्याच्या मागे. आमच्याकडे याला ढोबळ नफा आणि निव्वळ नफा म्हणतात. ‘निव्वळ वेग’ लिहा, मोकळे व्हा.

—

‘निव्वळ वेग’ झकास. फक्त एक भर: हा कोन ठरलेला नसतो. वारा मंद असेल तर जास्त तिरपं जावं लागतं. वारा चढला की जड होडी आधीच आपल्या कमाल वेगाजवळ असते, तिरपं जाऊन फारसं काही वाढत नाही, मग सरळ जाणंच बरं. उलट अमेरिकाज कप या शिडाच्या शर्यतीतल्या, फॉइलवर म्हणजे पाण्याखालच्या पंखांवर उचलल्या जाणाऱ्या होड्या कायम तिरप्या जातात आणि त्यांचा निव्वळ वेग वाऱ्याहूनही जास्त निघतो. आणि ‘कोन’ म्हणताना कुठून मोजला ते सांगा. होडीवाले वारा येतो तिकडून मोजतात, म्हणजे वरचे ३० अंश त्यांच्या भाषेत १५०.

—

मूळ प्रश्नकर्ता: ‘अनुवात’ मागे घेतो. भाच्याला विचारलं. म्हणाला, “‘निव्वळ’ चालेल, ‘लागणारा वारा’ तर आम्ही तसाच म्हणतो. पण जाइबला (वारा मागून असताना शीड दुसऱ्या बाजूला टाकत वळण्याला) मराठी शब्द शोधू नका हं मामा, तो सांगेपर्यंत बूम (शिडाखालचा आडवा दांडा) डोक्यावरून गेलेला असतो.”