हॉपरस्टाडचं चर्च बाराव्या शतकाचं म्हणायचं की ब्लिक्सचं?

दगडफूल (धागालेखक)

नॉर्वेच्या पश्चिमेला, सोग्न भागात विक नावाचं गाव आहे. तिथलं हॉपरस्टाडचं लाकडी चर्च बाराव्या शतकातलं म्हणून जगभर दाखवलं जातं. एकावर एक उतरती छपरं, टोकांना ड्रॅगनची तोंडं, डांबर फासलेलं काळपट लाकूड. फोटो बघून कुणालाही वाटेल की साडेआठशे वर्षं हे असंच उभं आहे. प्रत्यक्षात हे बाहेरचं रूप पेटर आंद्रेआस ब्लिक्स (१८३१–१९०१) या वास्तुविशारदाने १८८४ ते १८९१ या काळात दिलं, आणि त्यासाठी त्याने नमुना घेतला तो सोग्नमधल्याच बोर्गुंडच्या चर्चचा.

माझ्या मते ब्लिक्सने इथे मर्यादा ओलांडली. मधल्या शतकांत विकच्या लोकांनी आपल्या गरजेप्रमाणे या चर्चमध्ये भर घातली होती. ती काढून टाकली गेली, कारण १८८० च्या दशकातल्या सुशिक्षित नॉर्वेला फक्त मध्ययुग हवं होतं. देश तेव्हा स्वीडनच्या राजाखाली होता, आपली वेगळी ओळख शोधत होता, आणि ड्रॅगनची तोंडं त्या शोधात फार सोयीची होती. गावाच्या आठवणीपेक्षा देशाची हौस मोठी ठरली. हे मला खटकतं.

कोनाडा

दगडफूल, तुम्ही १८८४ पासून सुरुवात केलीत. जरा मागे जा. १८५१ च्या कायद्याने ठरवलं की परगण्यातल्या किमान तीन दशांश लोकांना चर्चमध्ये बसता आलं पाहिजे. मध्ययुगीन लाकडी चर्चं लहान, अंधारी. कायदा झाला आणि ती धडाधड पाडली गेली. एके काळी हजाराहून जास्त होती असं मानतात, आज २८ उरली आहेत. विकमध्येही १८७७ साली नवं चर्च झालं आणि हॉपरस्टाड ओस पडलं. ज्या गावाच्या आठवणीबद्दल तुम्ही बोलताय, त्या गावाला ते नको होतं!

'पडझड होऊ द्या, पण हात लावू नका' म्हणणारे तेव्हाही होते. इंग्लंडात विल्यम मॉरिसने जुन्या इमारतींसाठी संस्था काढली ती १८७७ सालीच. पण तो विचार दगडी भिंतींच्या देशातला. दगडाची भिंत छपराविना शतकभर तग धरते, लाकूड धरत नाही. या चर्चची रचनाच बघा. खाली दगड, त्यांवर आडव्या जाड तुळया, त्यांवर उभे खांब. भिंतीच्या उभ्या फळ्या खालच्या तुळईतल्या खाचेत बसवलेल्या. लाकूड जमिनीला टेकत नाही, म्हणून तर ते इतकी वर्षं टिकलं. पण एकदा छप्पर गळायला लागलं की पाणी उतरून नेमकं त्याच खाचेत साचतं आणि सगळं बुडापासून कुजत जातं. त्या प्रदेशातल्या पावसात ते अवशेष म्हणून राहिलं असतं असं वाटतं तुम्हाला?

दगडफूल

छप्पर हवंच होतं, त्यावर वाद नाही. पण छपराला ड्रॅगन लागत नाहीत. साधं छप्पर, साध्या फळ्या, जिथे पुरावा नाही तिथे मुकाट थांबणं, हे त्या काळातही शक्य होतं.

आणि सोग्नमधलंच काउपांगरचं उदाहरण घ्या. तिथे १८६० च्या दशकात क्रिस्टियान क्रिस्टी या दुसऱ्या नामवंत वास्तुविशारदाने चर्चला आपल्या काळाचा साज चढवला. शंभरेक वर्षांनी तो उतरवून चर्च पुन्हा सतराव्या शतकातल्या रूपाजवळ नेलं. म्हणजे गावकऱ्यांच्या काळालाही इतिहास मानता येतो, तो परत आणताही येतो. ब्लिक्सच्या कामाकडे मात्र कुणी बोट दाखवत नाही, कारण ते देखणं आहे.

बर्गनकर

काही वर्षं बर्गनला आहे, म्हणून लिहितो. ब्लिक्स म्हणजे ड्रॅगन लावणारा माणूस, एवढंच चित्र इथे उभं राहतंय, ते अपुरं आहे. त्याचं शिक्षण जर्मनीत, हॅनोव्हर आणि कार्ल्सरूहला झालं. पोटापाण्याचा मोठा भाग रेल्वेचा. फ्रेड्रिकस्टाड, हाल्डेनसारखी स्थानकं त्याची. जुन्या इमारतींचं त्याला वेड होतं, आणि त्यात त्याने पदरचे पैसे घातले. विकमध्येच होवे नावाचं मध्ययुगीन दगडी चर्च आहे. तेही मोडीत निघालं होतं. ब्लिक्सने स्वखर्चाने ते उभं केलं आणि त्याला पुरलंही तिथेच. याला देशाची हौस म्हणणं अन्यायाचं आहे.

हॉपरस्टाडच्या आत गेलात तर बाहेरचा वाद काही वेळ विसराल. डोळे अंधाराला सरावले की उंच गोल खांब दिसायला लागतात. ते मूळचे. उत्तरेकडच्या लहान वेदीवर लाकडी छत्र आहे, त्याच्या आतल्या बाजूला येशूच्या बालपणाचे प्रसंग रंगवलेले, तेही मध्ययुगातलं. पश्चिमेच्या दाराच्या चौकटीवर एकमेकांत गुंतलेल्या प्राण्यांचं कोरीवकाम आहे. एका प्राण्याची शेपूट धरून नजर वर नेली तर ती दुसऱ्याच्या जबड्यात जाते. मी बराच वेळ तिथेच उभा होतो. हे सगळं ब्लिक्सच्या छपराखाली जगलं.

दगडफूल

बर्गनकर, आतलं वर्णन वाचून मलाही जावंसं वाटलं. पण तुमच्याच गावातलं हाकोनचं सभागृह बघा. राजपुत्र माग्नुसच्या लग्नासाठी १२६१ साली वापरलेली ती दगडी वास्तू. एकोणिसाव्या शतकात तिच्या पुनर्बांधणीतही ब्लिक्सचा हात होता. मग १९४४ साली बंदरात दारूगोळ्याच्या जहाजाचा स्फोट झाला, आतली सजावट जळाली. युद्धानंतर दुरुस्ती करताना ती सजावट परत केली नाही, आतला भाग साधा ठेवला. नॉर्वेच्या लोकांनीच तो निर्णय घेतला. हॉपरस्टाडला स्फोट झाला नाही, म्हणून तिथला अंदाज खरा ठरला का?

उलट तो पसरला. अमेरिकेत मिनेसोटातल्या मूरहेडला हॉपरस्टाडची पूर्णाकृती प्रतिकृती आहे, १९९८ सालची. म्हणजे बोर्गुंडवरून ब्लिक्सने बेतलेलं रूप आता दुसऱ्या खंडात 'हॉपरस्टाड' म्हणून उभं आहे.

कोनाडा

बोर्गुंडवरूनच का, याचं उत्तर साधं आहे. बाहेरून सगळ्यात कमी बदललेलं तेच उरलं होतं. ओस्लोच्या संग्रहालयात नेलेलं गोलचं चर्चही तसंच सावरलं. एकाच भागातलं, त्याच रचनेचं, त्याच सुमाराचं चर्च समोर असताना ब्लिक्सने दुसरीकडे कुठे बघायचं होतं? हवेतून काढलं असतं तर तुमचा आक्षेप मी मान्य केला असता.

माहितीफलकावर बाराव्या शतकाच्या शेजारी १८८४–९१ आणि ब्लिक्सचं नाव ठळक लिहा, माझी काहीच हरकत नाही.

दगडफूल

फलकाबद्दल आपलं जुळलं. पण 'समोर होतं म्हणून घेतलं' हे मला अजून पटत नाही. दोन गावांचे सुतार एकाच पद्धतीने खांब उभे करत असतील, म्हणून त्यांची छपरंही सारखीच होती हे कशावरून? शंका होती तिथे रिकामं सोडायला हवं होतं.

बर्गनकर

रिकाम्या छपरातून पाऊस येतो हो.